वस्तीचा ग्रुप सापडत नाही

प्रश्न : कोथरूडला नुकतेच भाड्याने राहायला आलो. पाणी कधी येणार नाही, हे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच कळतं म्हणे. शोधूनही ग्रुप मिळत नाही.

उत्तर : असा ग्रुप नाव टाकून सापडत नाही, ग्रुपमधल्या कुणीतरी, सहसा ॲडमिनने, घ्यावं किंवा ग्रुपची लिंक द्यावी लागते. सेक्रेटरींचा नंबर वॉचमनकडे मिळेल. त्यांना लिहा : ‘बी विंग, ३०४, भाडेकरू, अमुक तारखेपासून.’ नुसतं ‘ॲड करा’ लिहिलंत तर अनोळखी नंबर म्हणून राहून जातं.

तुमच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ग्रुपसाठी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ असेल, तर आधी ॲडमिनचा नंबर सेव्ह करा. नाहीतर थेट ॲड न होता आमंत्रण येतं आणि ते ३ दिवसांत बाद होतं. बहुतेकांचं इथेच अडतं. जुनी लिंक चालत नसेल तर ॲडमिनने ती रीसेट केली असेल, नवी मागा.