'हूट' ही कादंबरी सातवीच्या वर्गात कशी शिकवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी माध्यमाची शाळा, सातवीची ४० मुलं, आठवड्याला ४ तासिका, सहा आठवडे आणि कार्ल हायासन यांची 'हूट'. शेवटी 'पक्षी वाचवा'ची पोस्टरं भिंतीवर लागून विषय संपू नये, तर काय करावं?

माझं सरळ मत: ही कादंबरी पुराव्याची गोष्ट म्हणून शिकवा. पक्ष्यांबद्दलचं प्रेम मुलांना आपोआप वाटतं, ते शिकवावं लागत नाही. कुणी काय पाहिलं, ते कसं सिद्ध करायचं आणि ते कुणाला दाखवायचं, हे मात्र शिकवावं लागतं. या कादंबरीचा कणाही तोच आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: २००२ साली आलेली ही कादंबरी फ्लोरिडातल्या एका काल्पनिक गावात घडते. मोंटानाहून नव्याने आलेल्या रॉयला शाळेच्या बसमधून एक अनवाणी धावणारा मुलगा दिसतो. गावात एका रिकाम्या प्लॉटवर पॅनकेकचं हॉटेल उभं राहणार असतं, आणि त्याच जमिनीत बिळं करून राहणारी छोटी घुबडं असतात. कंपनी म्हणते घुबडं नाहीतच. पर्यावरणाचा जो अहवाल फाइलमध्ये असायला हवा, तो गायब असतो. पुस्तकाला २००३ मध्ये न्यूबेरी ऑनर मिळाला.

एकूण २१ प्रकरणं आणि उपसंहार. तुमच्या २४ तासिका मी अशा वाटेन: तयारीला १, वाचन-चर्चेला १४, फोटोच्या प्रयोगाला २, सुनावणीला २, लेखनाला ३, शेवटच्या जोडपाठाला १ आणि १ राखीव. राखीव तासिका ठेवाच, कारण स्नेहसंमेलनाची तालीम कुठे ना कुठे आडवी येतेच. दोन मुलांत एक प्रत पुरते. पूर्ण पुस्तकाच्या झेरॉक्स काढू नका, प्रती कमी पडल्या तर पाच-पाचच्या गटात प्रकट वाचन करून घ्या.

पहिली तीन प्रकरणं तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा. मुलं इथेच गळतात. रॉय, पोलीस अधिकारी डेलिंको आणि साइटवरचा फोरमन कर्ली असे तीन धागे वेगवेगळे चालतात आणि ते एकाच गोष्टीचे आहेत हे लगेच कळत नाही. ब्राऊन पेपरची लांब पट्टी भिंतीवर लावा, तीन रंगांच्या तीन रेघा ओढा आणि प्रत्येक तासिकेच्या शेवटी एका मुलाला एक नोंद करायला सांगा. दोन रेघा पहिल्यांदा कुठे भेटतात हे मुलांनी स्वतः शोधू द्या.

शब्दांची यादी लांबवू नका, नेमके अडणारे शब्द घ्या. मलेट म्हणजे आपल्या कोकणातला बोय मासा. त्या अनवाणी मुलाला 'मलेट फिंगर्स' का म्हणतात, हे त्यावरून चटकन समजतं, कारण तो हा मासा हाताने पकडतो. पॅनकेकला धिरडं म्हटलं की काम भागतं. अ‍ॅलिगेटर आणि आपली मगर वेगळी, हे एका चित्रात दाखवा. 'सर्व्हे स्टेक' मात्र नीट समजावा: जमिनीची हद्द दाखवायला ठोकलेल्या खुंट्या. त्या उपटल्या आणि खड्डे बुजवले की काम का थांबतं, हे कळलं नाही तर पहिला अर्धा भाग हवेत जातो.

तयारीच्या तासिकेत मुलांकडून एका चिठ्ठीवर लिहून घ्या: घरात घुबडाबद्दल काय ऐकलं? अपशकुन, लक्ष्मीचं वाहन, पहाटे दारात येणारा पिंगळा जोशी, जे येईल ते. हसायचं नाही, खोडायचं नाही. चिठ्ठ्या पाकिटात बंद करून कपाटात ठेवा. त्या शेवटी लागतील.

आता फोटोचा प्रयोग, कारण सगळ्या शिकवणीचा जीव इथे आहे. घुबडं तिथे आहेत हे दाखवण्यासाठी रॉय त्या मुलाला कॅमेरा देतो आणि फोटो धूसर येतो, कामाचा ठरत नाही. मुलं म्हणतात, 'एवढं साधं कसं जमलं नाही?' त्यांना करून बघू द्या. फ्लोरिडाचं हे घुबड जेमतेम २३ सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे लांब फुटपट्टीपेक्षाही बुटकं. पुठ्ठ्याचं तेवढंच घुबड कापा, मातकट रंगवा, मैदानाच्या कडेला गवतात उभं करा. संध्याकाळी शाळा सुटताना मोबाइलने ५, १० आणि २० मीटरवरून फोटो काढा. झूम एकदा लावून, एकदा न लावता. दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवा आणि त्या प्रयोगात नसलेल्या शिक्षकाला विचारा, 'हे काय आहे?' २० मीटरवरच्या फोटोत बहुतेकांना दगड दिसतो. मग पुढचा प्रश्न: फोटो चांगला आला तरी तो याच प्लॉटवरचा आहे हे कसं कळणार? मापासाठी शेजारी फुटपट्टी, मागे ओळखता येईल अशी भिंत किंवा पाटी, तारीख, वेळ, आणि सोबत असलेल्या दुसऱ्या माणसाचं नाव, एवढं मुलं आपण होऊन सुचवतात. खऱ्या पक्ष्याजवळ मात्र फुटपट्टी न्यायची नाही, हेही त्याच वेळी सांगा.

याच सुमारास वहीत चार रकाने आखा: कोण म्हणतं, त्याने स्वतः पाहिलं का, टिकेल असा पुरावा काय, तो कुणाकडे न्यायचा. प्रत्येक प्रकरणातून एक-दोन ओळी भरा. उपसंहारापर्यंत हा तक्ता परीक्षेच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा जास्त बोलतो.

सगळ्यात जास्त गडबड होते ती बांधकाम थांबवण्यासाठी त्या अनवाणी मुलाने केलेल्या उचापतींवर चर्चा करताना. खुंट्या उपटणं, फिरत्या संडासात अ‍ॅलिगेटर सोडणं, पोलिसांच्या गाडीच्या काचा काळ्या रंगवणं, साप सोडणं. वर्ग खदखदून हसतो आणि अ‍ॅलिगेटरवरच अडकतो. 'बरोबर की चूक' असं मतदान घेऊ नका, वीस सेकंदांत हात वर होतात आणि विचार संपतो. सगळ्या कृती वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि 'कुणाचं किती नुकसान झालं' या क्रमाने गटाला लावायला सांगा. मग डेलिंकोचं काय झालं ते विचारा. तो पहाऱ्यावर गाडीत झोपतो, काचा रंगवल्या जातात आणि त्याला टेबलावरच्या कामाला बसवतात. नुकसान कंपनीच्या साहेबाचं कमी आणि पगारावर जगणाऱ्या माणसाचं जास्त होतं. हे लक्षात आलं की वर्ग गप्प होतो, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते. साप आणि सुसाट धावण्याच्या भागानंतर स्पष्ट सांगा की यातलं काहीही करून बघायचं नाही. कॉटनमाउथ हा विषारी साप आहे.

एक काळजी. पुस्तकात दादागिरी आहे आणि आईने जवळजवळ टाकलेला मुलगाही आहे. तुमच्या वर्गात कुणाच्या घरी तसं असू शकतं. ती प्रकरणं येण्याआधी समुपदेशकांशी बोला आणि त्या भागावर कुणालाही 'तुझा अनुभव सांग' असं म्हणू नका.

सुनावणीत भूमिका वाटताना कंपनी, नगरसेवक, पक्षी अभ्यासक आणि मुलं यांच्यासोबत हॉटेलात नोकरी मिळेल म्हणून वाट पाहणारा माणूसही ठेवा. प्रत्येकी २ मिनिटं. तो नसेल तर सगळा वर्ग एकाच बाजूला बसतो.

'हे आपल्याकडे झालं असतं तर?' हा प्रश्न येणारच, तेव्हा चुकीचं उत्तर देऊ नका. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार इमारतींना पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे, आणि बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. एवढ्याशा हॉटेलसाठी तसा अहवाल निघालाच नसता. आपल्याकडची वाट वेगळी: १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, वनविभागाकडे अर्ज आणि माहितीचा अधिकार. लेखनाच्या तासिकांत माहिती अधिकाराचा अर्ज मराठीतून लिहून घ्या. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. १५० शब्दांत नेमकं कोणतं कागदपत्र हवं ते मागणं सातवीच्या मुलांना फार अवघड जातं. बहुतेक अर्जांत आधी तक्रार येते आणि मागणी राहूनच जाते. ती तक्रार खोडायला लावा.

शाळेच्या आवारात जुनं चिंचेचं किंवा वडाचं झाड असेल तर पिंगळा बघायला मिळण्याची चांगली शक्यता आहे. तो कादंबरीतल्या घुबडाच्याच अथीनी प्रजातीगटातला. ढोलीखाली पांढरी विष्ठा शोधा, पुरेसं लांब थांबा, डोळ्यांवर टॉर्च मारू नका, मोबाइलवर आवाज वाजवू नका. खाली त्याने ओकून टाकलेल्या, न पचलेल्या भागांच्या गोळ्या मिळाल्या तर हातमोजे घालून उचला, फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये १६० अंशांवर ४० मिनिटं ठेवा, मगच चिमट्याने उघडा. भुंग्यांची कडक पंखझाकणं निघतात, कधी उंदराचं हाड.

शेवटची तासिका रानपिंगळ्याला द्या. तोही याच कुळातला. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. रिचर्ड माइनर्टझागेन या संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळाल्याचं लेबल लावलं होतं, पण तो नमुना (भरून जपलेला मृत पक्षी) संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोट्या लेबलाने ठेवलेला निघाला. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांच्या चमूला खान्देशात शहाद्याजवळ तो पक्षी जिवंत दिसला. तिकडे फाइलमधून गायब झालेला कागद आणि इथे पेटीत घुसवलेलं खोटं लेबल, दोन्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.

मग पाकीट उघडा आणि चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत द्या. प्रत्येकाने आपल्या वाक्याखाली तीन गोष्टी लिहायच्या: हे कुणी पाहिलं, कधी, कुठे. उत्तर नसेल तर जागा कोरी ठेवायची.