अमेरिकेतल्या जुन्या प्लांटेशनवर (गुलाम राबवून चालवलेल्या मोठ्या शेतमळ्यांवर) आपण भारतीयांनी स्वयंसेवक म्हणून काम करावं का?

करावं, असं माझं मत आहे. फक्त जागा बघून.

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे व्हर्जिनियात आला आहात, एच-४ म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहात, घराजवळच्या एका ऐतिहासिक प्लांटेशनला व्हॉलंटियर हवे आहेत, पण गुलामगिरीची गोष्ट सांगायचा आपल्याला काय अधिकार, या विचाराने अडलं आहे. शिवाय बारा वर्षांच्या मुलीला नेता येईल का, हेही विचारलंय. मी दक्षिण मेरीलँडमध्ये राहते. पटक्सेंट नदीच्या काठावर सॉटर्ली नावाची जागा आहे, तिथे आधी बागेत आणि मग पाहुण्यांना फिरवायला जाऊ लागले. त्यामुळे जे सांगते ते बरंचसं तिथलंच.

व्हिसाचं आधी उरकते. नोंदणीकृत ना-नफा संस्था, एक पैही मोबदला नाही, आणि काम असं की जे तिथे एरवीही स्वयंसेवकच करतात, एवढं असेल तर सहसा अडचण येत नाही. मानधन सोडाच, 'थँक यू' म्हणून दिलेलं गिफ्ट कार्डसुद्धा नको म्हणा. तरी एकदा इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आता काम. लोकांना वाटतं व्हॉलंटियर म्हणजे जुन्या काळचा झगा घालून दारात उभं राहायचं. तसं काही नसतं. बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा हातात खुरपं येतं. वाफे खुरपणं, गुलाबांची छाटणी, शाळेच्या सहली आल्या की मुलांच्या रांगा लावणं, कार्यक्रमाच्या दिवशी पार्किंग सांभाळणं. मेरीलँड-व्हर्जिनियाच्या गवतात गोचिड्या असतात आणि त्यातल्या काहींमुळे लाइम नावाचा आजार होतो, म्हणून पँटचे पाय मोज्यात खोचायचे आणि घरी आल्यावर अंग तपासायचं. हे संस्थेच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं, म्हणून मी ठळक सांगते. फिरवण्याचं काम नंतर मिळतं: आधी वाचायला गठ्ठा देतात, मग अनुभवी गाइडच्या मागे मागे हिंडायचं, मग त्यांच्यासमोर एकदा फेरी करून दाखवायची. मोंटिसेलोसारख्या मोठ्या ठिकाणी गाइड पगारी असतात, तिथे ही संधी शोधू नका.

अधिकाराचा प्रश्न मात्र खरा आहे, त्यावर जरा थांबते.

सॉटर्लीचं मूळ घर १७०३ चं, जेम्स बाउल्स नावाच्या तंबाखूवाल्या व्यापाऱ्याने बांधलेलं. आत गेलं की पाहुण्यांची नजर जाते ती बैठकीतल्या लाकडात कोरलेल्या शिंपल्यांच्या कोनाड्यांकडे आणि जिन्याच्या कठड्याकडे. कॅमेरे निघतात. मग उतारावरून खाली आणलं की १८३० च्या दशकातली गुलामांची झोपडी दिसते, मूळची, अजून उभी. एकच खोली, मातीची जमीन, एक चूल, वर निजायला माळा. आमच्या फेरीतली बहुतेक माणसं इथे गप्प होतात, आणि मग कुणीतरी हमखास विचारतं, "पण इथला मालक चांगला होता ना?"

या प्रश्नाचं उत्तर भावनेने द्यायला गेलात की वाद होतो. कागदाने द्यायचं. त्या काळी मालक वारला की त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची. तशा याद्यांत पलंग, बैल, तांब्याची भांडी यांच्याच ओळीत माणसांची नावं असतात, वय आणि पुढे किंमत. म्हाताऱ्याची किंमत कमी, मूल होण्याच्या वयातल्या बाईची जास्त. मी एवढंच सांगते आणि थांबते. १८१४ साली ब्रिटिश जहाजं पटक्सेंटमध्ये आली तेव्हा इथली माणसं जीव धोक्यात घालून त्यांच्याकडे पळून गेली, हेही सांगते. मालक चांगला होता की नाही ते पाहुण्यांनी ठरवावं. आणखी एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते: लिंकनचा १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा मेरीलँडला लागूच नव्हता, कारण हे राज्य दक्षिणेतल्या राज्यांसारखं देशातून फुटून निघालेलं नव्हतं. इथली गुलामी राज्याच्या नव्या घटनेने १ नोव्हेंबर १८६४ ला संपली.

म्हणजे गोष्ट आपली नाहीच, ती कागदांची आणि त्या गुलामांच्या वंशजांची आहे. सॉटर्लीत हे नीट कळतं ते अॅग्नेस केन कॅलम यांच्यामुळे. बाल्टिमोरच्या या बाई आपल्या घराण्याचा माग काढत इथवर पोहोचल्या. त्यांचे पणजोबा हिल्री केन गिलाव्याचं काम करायचे, आणि ते कुटुंब इथे गुलामगिरीत होतं. पुढे बाई इथल्या विश्वस्त मंडळावर आल्या. त्याच मंडळावर जॉन हॅन्सन ब्रिस्को होते, एकेकाळचे मेरीलँड विधानसभेचे सभापती, इथल्या मालकांच्या घराण्यातले. १९९६ साली ही जागा देशातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या अकरा ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेली होती. ती वाचवायच्या प्रयत्नात हे दोघं एकत्र होते. आता दोघंही हयात नाहीत, पण फेरीत त्यांचं नाव घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आपण बाहेरचे असण्याचा एक फायदाही आहे. गोऱ्या पाहुण्याला गोऱ्या गाइडसमोर अवघडल्यासारखं होतं, काळ्या गाइडसमोर त्याहून जास्त. माझ्यासमोर तो मनातलं बोलून टाकतो. कधी ते ऐकवत नाही, पण निदान उत्तर देता येतं. उलट प्रश्नही येतो: "तुमच्या देशात असं काही होतं का?" इथे आपल्यातले पुष्कळ जण विषय बदलतात. मी जातीचं सांगते, आणि महाराष्ट्राचीच असल्याने हेही सांगते की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, त्यांनी गुलामी मोडून काढली म्हणून. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. ज्यांना अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर तासभर बोलता येतं आणि जातीचं नाव निघालं की घसा कोरडा पडतो, त्यांनी मात्र बागेतच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ही माझी मराठी मंडळातल्या काही लोकांशी जुनी भांडणं आहेत, असो.

आता जागा कशी पारखायची. आधी पाहुणे म्हणून तिकीट काढून जा. गाइड घराच्या मालकांची नावं सांगतो तेव्हा राबणाऱ्यांचीही सांगतो, की नुसतं 'सर्व्हंट्स' म्हणून पुढे सरकतो? झोपड्या मुख्य फेरीत आहेत की 'वेळ असेल तर बघा' असं आहे? आणि विश्वस्त मंडळात गुलामांच्या वंशजांना जागा आहे का? हा शेवटचा मुद्दा नावापुरता नाही. तुमच्याच राज्यात मॉन्टपेलिअर आहे, राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसनचं घर. तिथल्या मंडळाने २०२१ साली वंशजांच्या समितीला कारभारात समान वाटा द्यायचं मान्य केलं, २०२२ च्या सुरुवातीला तो निर्णय फिरवला, आवाज उठवणाऱ्या वरिष्ठ कर्मचाऱ्यांना काढलं, देशभर टीका झाली, आणि मे महिन्यात अखेर समितीने सुचवलेल्यांतले नवे सदस्य मंडळावर आले. लुइझियानात व्हिटनी प्लांटेशन आहे, २०१४ मध्ये लोकांसाठी उघडलेलं. तिथली सगळी मांडणीच गुलामांच्या बाजूने आहे, आणि लग्नाला जागा देत नाहीत. बाकी बऱ्याच ठिकाणांचा खर्च मांडवाच्या भाड्यावर चालतो. मी त्यासाठी संस्थेला लगेच मोडीत काढत नाही, छप्पर गळतं तेव्हा पैसा कुठून तरी यावाच लागतो. पण त्या ओकच्या झाडांखाली आपल्या मुलामुलींनी नऊवारी आणि फेटे घालून प्री-वेडिंग शूट करावं, हे मला बघवत नाही.

मॉन्टपेलिअरचं नाव काढलंच आहे तर तिथला उत्खननाचा सार्वजनिक कार्यक्रम जरूर बघा. पुरातत्त्वज्ञांबरोबर सामान्य माणसांना खणायला घेतात. फी असते, पण त्या पैशात जे शिकायला मिळतं ते वर्गात मिळणार नाही. मातीचा एकेक थर खरवडून बादलीत, बादली चाळणीवर, आणि चाळणीत उरतं ते बोटांनी निवडायचं, तांदळातले खडे वेचतो तसं. खिळे, हाडांचे तुकडे, बटण, आणि पांढऱ्या मातीच्या चिलमींच्या नळ्यांचे तुकडे. त्या नळीच्या भोकात ड्रिलचे बिट घालून व्यास मोजतात, कारण सतराव्या शतकापासून अठराव्यापर्यंत नळीचं भोक बारीक होत गेलं. पुष्कळ तुकडे मिळाले की त्यावरून अंदाजे काळ काढता येतो. मला सगळ्यात जास्त भिडल्या त्या तिथल्या विटा. ओल्या असताना उचलल्यामुळे त्यांच्यावर विटा पाडणाऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटले आहेत. काही ठसे लहान आहेत. माझी करंगळीही त्यात नीट बसली नसती.

मुलीचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी एकट्याने काम करायला सोळा-अठराची अट असते, पण आईबरोबर बागेत किंवा जूनटीन्थच्या (गुलामी संपल्याची आठवण म्हणून १९ जूनला पाळतात त्या दिवसाच्या) कार्यक्रमात मुलं चालतात. तुमच्या इथे काय आहे ते विचारा. मुलांबरोबर काम असेल तर तुमचीही पार्श्वभूमी तपासतात, बोटांचे ठसे मागितले तर घाबरू नका. नव्या लोकांचं प्रशिक्षण साधारण वसंतात, मोसम सुरू होण्याआधी असतं, तेव्हा ईमेल थंडीतच टाका. त्यात 'काहीही चालेल' असं लिहू नका. आठवड्यातला कुठला वार मोकळा आहे, गाडी चालवता येते का, मराठी-हिंदी बोलता हे लिहा. आमच्याकडे उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा येतात, आणि त्यांना मराठीत समजावून सांगायला मी सोडून कुणी नसतं.