रसातून जाणारे औषध आणि खोडावरची वाळवी

प्रश्न : काटोल तालुक्यात आमची सात वर्षांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याअखेरीच्या फुलोऱ्याच्या) नव्या पालवीवर सायला ही बारीक कीड दिसते आहे आणि काही खोडांवर वाळवीने मातीचे थर चढवले आहेत. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक बुंध्याशी ओतल्यास दोन्हींचा बंदोबस्त होतो, असे दुकानात सांगण्यात आले. तसे करावे का?
— एक बागायतदार, नागपूर जिल्हा

उत्तर : हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही असल्याने ते झाडात शोषले गेल्यावर मुख्यतः खालून वर, कोवळ्या पालवीपर्यंत जाते आणि तिथला रस शोषणाऱ्या सायलाच्या मज्जासंस्थेवर परिणाम करते. वाळवी मात्र रस पीत नाही. ती सालीचा आणि लाकडाचा वाळलेला भाग खाते, आणि जिथे रस फिरत नाही तिथे रसाबरोबर जाणारे औषधही पोहोचत नाही. वाळवीवर हे औषध लागू पडते ते मातीतून : त्याची चाहूल तिला लागत नसल्याने ती औषध मिसळलेल्या मातीतून बेधडक जाते आणि वारुळातील इतरांपर्यंत त्याचा अंश नेते. इमारतीच्या पायाभोवती वापरायचे 30.5 टक्क्यांचे औषध वेगळे आणि पिकावरचे 17.8 टक्क्यांचे वेगळे. एकाच्या जागी दुसरे वापरू नये.

औषधाआधी एक पाहणी जरूर करावी. खुरप्याने खोडावरचा मातीचा थर हळूच खरवडून त्याखालची साल नखाने किंचित उचलावी. आत हिरवा, ओलसर पापुद्रा दिसला तर झाड सुखरूप आहे. खरवडलेली जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीने बुजवलेली आढळली तरच तिथे जिवंत वाळवी आहे, असे धरावे. अन्यथा तो जुना, रिकामा थर असतो आणि त्यावर औषध ओतणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. वाळलेल्या फांद्या, मेलेल्या झाडांची खुंटे आणि अर्धवट कुजलेले शेणखत बागेत असेपर्यंत वाळवी परत येतच राहील. बुंधा स्वच्छ केल्यावर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो मलम लावावे. ते मुख्यतः डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी) असले तरी सालीच्या जखमा त्याने झाकल्या जातात.

सायलासाठी इमिडाक्लोप्रिडची फवारणी करायची असल्यास ती फुले उमलण्याआधी किंवा फळधारणेनंतर, लेबलवरील मात्रेतच करावी. बाग फुलोऱ्यात असताना हे औषध फवारू नये आणि मुळांशीही देऊ नये, कारण त्याचा अंश मकरंदात व परागात उतरतो आणि मधमाश्या त्याला बळी पडतात. सायलामुळे झाड खंगवणारा ग्रीनिंग रोग पसरतो, त्यामुळे हयगय करता येणार नाही. पण दरवेळी एकाच गटातील औषध वापरल्यास कीड त्याला दाद देईनाशी होते, म्हणून पुढची फवारणी वेगळ्या गटातील औषधाची ठेवावी.

2017 मध्ये विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे प्राण गेले. हातमोजे, मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घातल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये, मजुरालाही घेऊ देऊ नये. इमिडाक्लोप्रिडवर खास असा उतारा नाही, त्यामुळे मळमळ किंवा चक्कर जाणवताच औषधाची बाटली लेबलासह सोबत घेऊन दवाखाना गाठावा.