कंसातलं वाक्य

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीचं पत्र आलंय. बी.कॉम.चं दुसरं वर्ष. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची. ओढा टेक्स्टाइल डिझाइनकडे. पण 'आपल्यासारख्यांचं ते काम नाही, मला इंग्रजी जमत नाही, मग बँकेच्या परीक्षेचाच फॉर्म भरू का?' असं ती विचारते.

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'जमत नाही' अकरा वेळा आलंय, मी मोजलं. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, तेही कंसात, तू लिहितेस की तुझी दोन डिझाइनं बाबांच्या शेठनी टॉवेलवर घेतली. अगं, पत्र इथून सुरू व्हायला हवं होतं! ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढलेली नक्षी जेकार्डवर, मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, चढवायची म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. आपल्याकडचा कारखानदार नुसत्या कौतुकापोटी माग अडकवून ठेवत नाही.

आता त्या 'जमत नाही'कडे येऊ. आठवीत इंग्रजीचा धडा वाचताना उच्चार चुकला आणि वर्ग हसला, एवढं खरोखर घडलं. 'मला इंग्रजी येणारच नाही' हे नंतर तू ठरवलंस. वहीच्या पानावर मधोमध रेघ मार. एकीकडे घडलेलं लिही, दुसरीकडे ठरवलेलं. तेलुगूत भांडणारी, मराठीत पेपर लिहिणारी, हिंदीत भाव करणारी मुलगी भाषेत कच्ची, हे कुठल्या बाजूला जाईल? आणि गंमत बघ, बँकेच्या परीक्षेतही इंग्रजीचा विभाग असतोच.

'आपल्यासारख्यांचं काम नाही' हे मात्र बाबांचं वाक्य. त्यावर चिडू नकोस. ज्या गावानं गिरण्या बंद पडताना पाहिल्या, तिथं महिन्याच्या पगाराला वजन असतं. त्यांची काळजी खरी आहे, पण ती पैशाची आहे. तुझ्या कुवतीबद्दल ते काही बोललेले नाहीत. तू मात्र तसं ऐकलंस.

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की 'मला हे जमेल' हा भरवसा सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून पाहिल्यानं. आपल्यासारख्या कुणाला तरी ते करताना पाहूनही येतो. दुसऱ्यांच्या शाबासकीचा जोर त्यापेक्षा कमी. म्हणजे माझ्या या पत्राचाही फार उपयोग नाही! तेव्हा शेठना भेट. ते टॉवेल खपले का, रंग कुठले चालले, नक्षीत काय बदलावं लागलं, सगळं विचार. ग्राफचे कागद आणि एकेक टॉवेल जपून ठेव.

बी.कॉम. सोडू नकोस. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेच्या एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला, कुठल्याही शाखेची पदवी चालते, मुंबईत त्यांचं केंद्र आहे आणि प्रवेशपरीक्षेत सर्जनशीलतेचा वेगळा पेपर असतो. फी मात्र लाखांत जाते, म्हणून शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाची चौकशी आत्ताच कर. ते आकडे हातात आले की मगच बाबांशी बोल. बँकेचा फॉर्म भरायचा तर खुशाल भर. कदाचित तुला हिशेबच आवडतील, तेही चांगलं. फक्त घाबरून भरू नकोस.

शेठ काय म्हणाले ते कळव. 'पुरे आता' म्हणाले, तर तेही. आणि टॉवेलचा फोटो पाठव.