आर्थिक सल्ला : स्थलांतरापूर्वीची पाहणी, आणि तिची वेळ

जळगावहून एका वाचकाने पाठवलेल्या पत्राचा सारांश असा. त्यांचे वय ३६ असून ते एका खासगी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स इंजिनीअर आहेत. पत्नी ३१ वर्षांच्या, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या, खासगी रुग्णालयात साडेआठ वर्षांचा अनुभव असलेल्या. मुलगी तिसरीत आहे. दोघांचे मिळून हातात येणारे उत्पन्न महिना १ लाख ५ हजार, मुदत ठेवी ८ लाख, म्युच्युअल फंडांत ९ लाख, जळगावच्या फ्लॅटवर १३ लाखांचे कर्ज बाकी, आणि यावल तालुक्यात वडिलांच्या नावावर पाच एकर केळी. ऑस्ट्रेलियात कायमचे जाण्याचा विचार घरात वर्षभर सुरू आहे. पत्नी म्हणतात, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." त्यासाठी तिघांची पंधरा दिवसांची सहल ५ लाख ६० हजारांत बसते आहे. व्हिसाचे काम पाहणारा सल्लागार म्हणतो की हा पैसा सहलीत घालवण्यापेक्षा थेट अर्जात घाला. पुण्याचे मेहुणे म्हणतात की दोन एकर विका, म्हणजे दोन्ही होईल. ठेव मोडून ही सहल करावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

तिघांपैकी माझे मत तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. मात्र सहल आत्ता करू नये आणि या स्वरूपात तर मुळीच करू नये, हेही मला सुरुवातीलाच सांगितले पाहिजे.

आपल्याकडे कोणी शेत घ्यायला निघाला की घरातले जाणते माणूस त्याला विहीर श्रावणात नव्हे, तर वैशाखात पाहून यायला सांगते. श्रावणात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात. तुम्ही पाठवलेला सहलीचा कार्यक्रम पाहिला. नाताळच्या सुट्टीत सिडनी, मेलबर्न, मग समुद्रकिनारा, असा तो आहे. ही श्रावणातली विहीर झाली. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत तिथल्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते, कार्यालये अर्धी रिकामी असतात आणि नोकरभरती थंडावलेली असते. त्या काळात तुम्हाला पर्यटकांचा देश दिसेल. तिथे राहणाऱ्यांचा देश पाहायचा तर त्यांच्या कामाच्या दिवसांत जायला हवे.

शिवाय तुम्ही पाहणार ती शहरे आणि तुम्हाला राहावी लागतील ती गावे एकच असतील असे नाही. कुशल कामगारांच्या व्हिसासाठी किमान ६५ गुण लागतात. पत्नी मुख्य अर्जदार असतील, तर त्यांच्या वयाचे ३०, पदवीचे १५, आठ वर्षांहून अधिक अनुभव मान्य झाला तर त्याचे १५, आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ७ मिळाल्यास आणखी १०, असे ७० गुण होतात. उंबरठा ओलांडला म्हणजे अर्ज करण्याचे निमंत्रण आले असे नाही, स्पर्धा असते. म्हणूनच अनेक कुटुंबे ४९१ क्रमांकाच्या व्हिसाकडे वळतात, ज्यात राज्याच्या नामांकनाचे १५ गुण वाढतात. हा व्हिसा पाच वर्षांचा आणि तात्पुरता असतो, आणि त्या काळात 'रिजनल' भागातच राहून काम करावे लागते. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता जवळपास सगळा देश या व्याख्येत येतो. ॲडलेड येते, पर्थ येते, आणि भुसावळहून लहान अशी कितीतरी गावेही येतात. तुमच्या घराचा पत्ता बहुधा यांपैकीच एखाद्या ठिकाणचा असेल, आणि तुमच्या कार्यक्रमात नेमके त्यांतले एकही ठिकाण नाही.

आता क्रमाविषयी, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे. जो खर्च लहान आहे आणि ज्यातून उत्तर लवकर मिळते, तो आधी करावा. जे पाऊल मागे घेता येत नाही, ते सर्वांत शेवटी टाकावे. पाहणीची जागा या दोहोंच्या मधे आहे. पत्नींनी अजून आयईएलटीएस दिलेली नाही, आणि तिचे शुल्क वीस हजारांच्या आत आहे. चारही भागांत ७ आले नाहीत तर वरचे सगळे गणित बदलते, आणि तसे झाले तर साडेपाच लाखांची सहल एका बंद दाराची पाहणी ठरते. त्यानंतर परिचारिका म्हणून तिथल्या नोंदणीची पायरी. भारतात शिकलेल्या परिचारिकांना साधारणपणे आधी संगणकावरची एनसीएलईएक्स परीक्षा द्यावी लागते, जी भारतातही देता येते. ती उत्तीर्ण झाल्यावर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा असते, आणि ती मात्र ऑस्ट्रेलियात जाऊनच द्यावी लागते. तिचे शुल्क सुमारे ४,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे.

तुमच्या पत्रात या शेवटच्या परीक्षेचा उल्लेखच नाही, आणि सल्लागाराने तुम्हाला ती सांगितली नसेल तर मला त्याचे आश्चर्य वाटते. पत्नींना एकदा तिथे जावे लागणारच आहे. मग पाहणीसाठी वेगळा प्रवास कशाला? परीक्षेची तारीख मिळाली की तिच्या मागेपुढे मिळून वीस दिवस राहा. पर्यटक व्हिसाच्या अर्जात परीक्षा आणि पाहणी ही दोन्ही कारणे जशी आहेत तशी लिहा, लपवालपवी करू नका. या व्हिसावर काम करता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

मुलीला नेऊ नये असे मी सुचवतो. ती आजी-आजोबांकडे यावलला राहिली तर तिकिटाचे पैसे वाचतील आणि तुम्ही दोघे दिवसभर मोकळे हिंडू शकाल. तारीख निवडण्याची मुभा असेल तर मे महिना उत्तम. तिथे तेव्हा शरद ऋतू सरत असतो आणि शाळांचे दुसरे सत्र चालू असते, त्यामुळे वेळ ठरवून शाळा आतून पाहता येईल. इकडे आखाजी (अक्षय तृतीया) होऊन गेलेली असेल, शाळेला सुट्टी असेल, आणि जळगावच्या पंचेचाळीस अंशांतून वीस दिवस सुटका होईल ती वेगळीच.

दोघांच्या अशा प्रवासाचा अंदाज मी डॉलर ६० रुपयांचा धरून केला आहे. विमानाची तिकिटे दीड लाख, दोन व्हिसांचे २४ हजार, स्वयंपाकघर असलेल्या खोलीचे वीस रात्रींचे १ लाख ४० हजार, जेवण आणि स्थानिक प्रवास ६० हजार, विमा आणि किरकोळ मिळून २६ हजार, म्हणजे एकूण चार लाख. परीक्षेचे २ लाख ४० हजार वेगळे, पण ते तुम्हाला कोणत्याही परिस्थितीत द्यायचेच आहेत. तिकिटे आणि खोली स्वतः ठरवली तर हा पर्यटन पॅकेजचा व्यवहार राहत नाही, आणि परदेशी पाठवलेली रक्कम वर्षाला दहा लाखांच्या आत असल्याने त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो करही लागत नाही.

सल्लागाराचा मुद्दाही तपासू. तुमच्या तिघांच्या कायमस्वरूपी किंवा ४९१ व्हिसाच्या अर्जाचे सरकारी शुल्क २०२५-२६ च्या दरांनी सुमारे ८,६०० डॉलर, म्हणजे पाच लाखांवर जाते, आणि पुढे मन बदलले तर ते परत मिळत नाही. चार लाखांची पाहणी वाचवून तो पैसा अर्जात घालणे म्हणजे उफराटा सौदा आहे. सल्लागाराला मोबदला अर्जाच्या टप्प्यावर मिळतो. तुम्ही 'नाही' ठरवलेत तर त्याला काहीच मिळत नाही. त्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही, पण त्याचे मत ऐकताना एवढे ध्यानात ठेवावे.

तिथे पाहायचे काय, हे मला सविस्तर सांगावेसे वाटते. अमळनेरकडचे माझे एक अशील तीन वर्षांपूर्वी ॲडलेडला असेच पाहणीसाठी गेले होते. भाड्याचे घर पाहायला गेले, तर दारात वीस-पंचवीस माणसे फायली घेऊन रांगेत उभी. घर पंधरा मिनिटांसाठीच उघडले. यांनी खिशातले पाकीट दाखवून सहा महिन्यांचे भाडे आगाऊ देण्याची तयारी सांगितली. दलाल बाईंनी नम्रपणे विचारले, की तुमचा आजवरच्या भाड्याचा इतिहास कुठे आहे? जन्मापासून स्वतःच्या वाड्यात राहिलेल्या माणसाने तो आणावा कुठून? परत आल्यावर ते मला म्हणाले, की त्या पंधरा मिनिटांत जे कळले ते वर्षभर व्हिडिओ पाहून कळले नव्हते. त्यांनी बेत सोडला नाही. पहिले दोन महिने ओळखीच्या कुटुंबाकडे खोली घेऊन राहायचे आणि मग घर शोधायचे, असे ठरवले आणि खर्चाचा आराखडा त्याप्रमाणे बदलला.

तुम्हीही निदान चार घरे अशी रांगेत उभे राहून पाहा. भाडे तिथे आठवड्यावर सांगतात, आणि अनामत साधारण चार आठवड्यांच्या भाड्याइतकी असते. पत्नींनी सकाळी सातच्या पाळीला पोहोचायचे आहे असे समजून पहाटे बसने रुग्णालयापर्यंत जाऊन पाहावे, तेही रविवारी. केरळच्या आणि पंजाबच्या परिचारिका तिथे भेटतील, त्यांच्याशी बोलावे. तुमची बाजू मला अधिक अनिश्चित वाटते. तुमच्या पदवीचे मूल्यमापन अजून व्हायचे आहे, आणि पहिले वर्ष तुम्हाला हाताखालचे काम करावे लागणे शक्य आहे. म्हणून हिशेब तुमच्या किमान कमाईवर करा. जुलै २०२५ मध्ये तिथले किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर ठरले होते. आठवड्याच्या ३८ तासांचे ९४८ डॉलर होतात, आणि कर वजा जाता हातात आठशेच्या थोडे वर उरतात. वीस दिवसांचा किराणा, बस आणि पाहिलेल्या घरांची भाडी वहीत लिहून त्या आठशेंशी ताडून पाहा. रुपयांत गुणाकार करत बसू नका, त्याने सगळेच महाग किंवा सगळेच स्वस्त वाटते.

निघण्यापूर्वी घरी बसून आणखी एक गोष्ट लिहून ठेवा. काय दिसले तर आपण जाणार नाही? दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहावे. दोन्ही कागद कोरे राहिले, तर निर्णय झालेलाच आहे आणि पाहणी ही निव्वळ सहल आहे. तशी सहल करायला हरकत नाही, पण मग ती हौसेच्या पैशांतून करावी.

आता मेहुण्यांच्या सूचनेकडे येतो. पैशांची निकड खरी आहे, हे मी मान्य करतो. परीक्षा आणि कागदपत्रांचे दीड लाख, पाहणी आणि कौशल्य परीक्षेचे ६ लाख ४० हजार, व्हिसाचे सव्वापाच लाख, आणि तिथे उतरल्यावर चार महिने पगाराशिवाय तग धरण्याचे तिकिटांसह सुमारे ११ लाख, असे एकंदर २४ लाखांच्या घरात जाते. तुमच्याकडे १७ लाख आहेत, आणि त्यांतले साडेतीन लाख अडीअडचणीसाठी मी हलवू देणार नाही. म्हणजे दहा-अकरा लाखांची तूट येते. ही तूट शेत विकून भरू नये असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण भावनेचे नाही, कायद्याचे आहे. १९९९ च्या परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. निवासी असताना मिळालेली जमीन ठेवता येते आणि वारसाहक्काने आलेलीही ठेवता येते, पण विकलेली दोन एकरे तुम्ही तिकडे राहत असेपर्यंत तुमच्या नावावर पुन्हा घेता येणार नाहीत. घर किंवा फ्लॅट मात्र अनिवासी माणूसही केव्हाही घेऊ शकतो. तेव्हा विकायची वेळ आलीच तर फ्लॅट विकावा, सातबाऱ्याला हात लावू नये. आणि फ्लॅटही व्हिसा हातात पडल्यावरच विकावा. तोपर्यंत महिना तीस हजार बाजूला टाकले, तर दोन वर्षांत सात लाख उभे राहतात आणि तूट तीन-चार लाखांवर येते.

शेताच्या हिशेबात एक रक्कम मात्र तुम्ही विसरला आहात. वडील ६४ वर्षांचे आहेत. आज लागवड, ठिबक, कापणीच्या वेळी व्यापाऱ्याशी भाव, हे सगळे रविवारी जाऊन तुम्ही पाहता असे तुम्हीच लिहिले आहे. तुम्ही गेल्यावर भरवशाचा सालदार लागेल. त्याचे साल आखाजीला ठरते, त्यामुळे तुमचे जाणे वर्षाच्या मधेच ठरले तर माणूस मिळणे कठीण. ही रक्कम वडिलांना विचारून आराखड्यात घाला. त्यानिमित्ताने त्यांच्याशी या विषयावर बोलणेही होईल, जे पत्रावरून अजून झालेले दिसत नाही.

ठेव आत्ता मोडू नका. आयईएलटीएसचे शुल्क पगारातून भरा आणि तारीख या महिन्यातच घ्या, कारण ३३ वर्षे पूर्ण होताच पत्नींच्या वयाचे गुण ३० वरून २५ वर येतात आणि तुमच्या हातात जेमतेम दीड-दोन वर्षे आहेत. निकाल आला की चारही भागांचे गुण मला कळवा. एखादी ठेव पुढच्या एप्रिलमध्ये संपत असेल तर ती आपोआप नूतनीकरणाला जाणार नाही, एवढी सूचना बँकेत देऊन ठेवा. मेहुण्यांना तूर्त इतकेच सांगा की दोन एकरांचा विषय व्हिसा येईपर्यंत घरात काढायचा नाही.