फासा लावायचा, की कातडे कमावायचे?

प्रश्न : माझी नणंद कॅनडाच्या युकॉन भागात राहते. गेल्या नाताळच्या सुमारास माझा बारा वर्षांचा मुलगा महिनाभर तिच्याकडे होता. तिच्या शेजारच्या आजोबांचा धंदा फासे लावून फर मिळवण्याचा. त्यांच्याबरोबर तो बर्फात हिंडला आणि त्यांनी त्याला एक कातडे स्वच्छ करायला दिले. इंदूरला परतल्यापासून महू रस्त्यावरच्या आमच्या शेतात मुंगूस आणि ससा पकडायचा त्याचा हट्ट आहे. सासूबाईंना हा विषयही नकोसा होतो, आणि यजमान म्हणतात, एकदा रागवून विषय संपव. पण मुलगा क्रूर नाही. एरवी दहा मिनिटे एका जागी न बसणारा हा पोरगा त्या कातड्यापाशी दोन तास बसला होता, असे नणंद सांगते. आम्ही काय करावे?
— एक आई, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : ताई, रागवून विषय संपवू नका, फासा मात्र लावू देऊ नका. या दोन गोष्टी त्याच्यासमोर वेगवेगळ्या मांडता आल्या, तर तुमचे निम्मे काम होईल.

आधी फाशाचे पाहू. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात मारण्याइतकेच पकडणे, फासा लावणे, सापळा मांडणे, आमिष ठेवणे आणि यांतले काहीही करण्याचा नुसता प्रयत्न करणेही येते. मुंगूस आणि रानससा या कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. शेत आपले असले म्हणून त्यात फरक पडत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आणि, 2022 च्या दुरुस्तीनंतर, एक लाख रुपयांपर्यंत दंडाची असू शकते. काही प्राण्यांच्या बाबतीत ती याहून कडक आहे. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांवर याच कायद्याने बंदी आहे, हे त्याला जरूर सांगा. चित्रकलेच्या तासाला कुंचला हातात धरणाऱ्या मुलाला ही गोष्ट कलमांच्या आकड्यांपेक्षा लवकर समजेल.

मी पशुवैद्य आहे, म्हणून आणखी एक भीती बोलून दाखवतो. फाशात अडकलेले मुंगूस किंवा कोल्हा सोडवायला गेलेल्या हाताला चावतो, आणि हे दोन्ही प्राणी रेबीजचे वाहक असू शकतात. शिवाय फासा माणूस ठरवेल त्यालाच धरतो असे नाही. शेजाऱ्याचे मांजर, शेळीचे करडू, कुणाचेही पाऊल त्यात पडू शकते.

युकॉनच्या आजोबांना मात्र वाईट ठरवू नका. तिथे हे काम परवाना घेऊन, शिक्षण घेऊन, नेमून दिलेल्या भागात आणि ठरलेल्या हंगामात चालते. त्या भागाला ते ट्रॅपलाइन म्हणतात. हंगाम हिवाळ्याचा, कारण फर तेव्हाच दाट असते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या अनेक पिढ्यांची उपजीविका या कामावर चालत आली आहे. मुलाने तिथे जे पाहिले ते तिथल्या रीतीने योग्य होते आणि इथे तो गुन्हा आहे, या दोन्ही गोष्टी बारा वर्षांच्या मुलाला एकदम समजू शकतात.

आता ज्यासाठी तो दोन तास बसला, त्या कातड्याकडे येऊ. ते त्याला इथे नक्की मिळू शकते. ओळखीच्या खाटकाकडून त्याच दिवशी कापलेल्या बोकडाचे केसांसकट कातडे आणा. आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे कोणी फुकट देऊ केले तरी घेऊ नका, कारण काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) जंतू कातड्यात आणि केसांत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. कातडे काही तासांत हाताळले नाही, तर ते कुजू लागते आणि केस मुळापासून सुटतात. मग पुढची सगळी मेहनत वाया जाते.

कातडे गुळगुळीत ओंडक्यावर केसांची बाजू खाली करून पसरावे आणि मांसाच्या बाजूवरची चरबी व पांढरट पापुद्रा बोथट सुरीने किंवा स्टीलच्या जाड चमच्याच्या कडेने खरवडावा. धारदार रापी चांभाराच्या हातात शोभते, मुलाच्या हातात ती कातड्याला भोके पाडते. पापुद्रा निघाला की खालचे कातडे निळसर-पांढरे, ओलसर दिसते. ते ओळखायला डोळ्यांपेक्षा बोट जास्त उपयोगी पडते, आणि तुमच्या मुलाला ते येत असणार. मग दीड किलोभर खडेमीठ घेऊन कडा न विसरता चोळावे, पाणी निथळून जाईल असे कातडे तिरके ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी ओले मीठ झाडून नवे लावावे.

तीन दिवसांनी कातडे धुऊन प्लास्टिकच्या टबात पाच लिटर पाणी, अर्धा किलो तुरटी आणि पाव किलो मीठ यांच्या द्रावणात बुडवावे. धातूचे भांडे वापरू नये. हातमोजे घालून रोज दोन वेळा कातडे वरखाली करावे. चार-पाच दिवसांनी मानेच्या जाड भागाची एक बारीक चकती कापून तिची कड उजेडात पाहावी : आरपार एकसारखी दुधाळ पांढरी दिसली तर काम झाले, मधोमध पारदर्शक रेघ राहिली असेल तर आणखी दोन दिवस थांबावे. ते पाणी नंतर झाडांना घालू नका. तुरटीचे कातडे पुढे भिजले तर तुरटी धुऊन जाते, हे त्याला आधीच सांगा. ज्याला पाण्यात टिकणारे कातडे हवे असते, तो बाभळीची साल, हिरडा किंवा तरवड वापरतो, पण त्याला आठवडे लागतात आणि रंग तपकिरी येतो.

एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. आपल्याकडे हे ज्ञान ज्या समाजांनी पिढ्यानपिढ्या जपले, त्यांनाच याच कामाच्या नावाने दूर ठेवले गेले, आणि महू हे बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव तुमच्या शेताच्या वाटेवर आहे. शक्य असेल तर कातडे कमावण्याचे किंवा तबल्याला पुडी चढवण्याचे काम करणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला भेटा, त्यांच्या वेळेचा मोबदला द्या, आणि मुलाला त्यांच्यासमोर शिष्य म्हणून बसवा. सासूबाईंनाही हे जवळून पाहू द्या. ओंडका अंगणाच्या कोपऱ्यात ठेवा, स्वयंपाकघराजवळ नको.

फाशाची हौस उरलीच, तर शेतात पावलांचे ठसे शोधायला न्या. आजोबांचे निम्मे कसब तेच असते, की प्राणी कुठून आला आणि कुठे गेला, हे जमिनीवरून वाचायचे. ओल्या मातीतल्या ठशाभोवती पुठ्ठ्याचे कडे लावून दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि एक भाग पाणी ओतले, तर अर्ध्या तासात ठसा हाती येतो.

कातड्याचे काम थंडीतच करा. इंदूरच्या पावसाळ्यात कातडे वाळत नाही. तुरटीच्या पाण्यातून काढलेले कातडे वाळताना, ते अर्धवट ओले असतानाच, मांसाच्या बाजूला थोडे तेल चोळून खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा ओढावे लागते, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पहिले कातडे पापडासारखे कडक झाले, तर ते टाकू नका. मांसाच्या बाजूने ओलसर फडक्याने किंचित दमट करून रात्रभर गुंडाळून ठेवा आणि सकाळी पुन्हा ओढायला घ्या.