गायरानावर पाच हजार झाडं लावली तर हरणं आणि पक्षी वाढतील का?

तुम्ही लिहिलंय की आष्टी तालुक्यात तुमच्या गावाचं मोठं गायरान पडीक आहे, गावातली पोरं यंदा तिथं पाच हजार झाडं लावणार आहेत, आणि वन्यजीव वाढावेत म्हणून कोणती झाडं निवडावीत ते हवंय. माझं उत्तर स्पष्ट आहे: त्या माळावर झाडं लावू नका. पोरांची उमेद खरी आहे, ती योग्य जागी लागावी म्हणून सविस्तर लिहितो.

मी भूमकडचा. तुमचा आणि आमचा माळ एकाच जातीचा. वीतभर माती, खाली मुरूम, आणि पर्जन्यछायेतला बेभरवशाचा पाऊस. अशा जमिनीवर निसर्गानं मुळात गवतच वाढवलं. कुसळी, पवन्या, मारवेल, मध्येच एखादं बोराचं झुडूप, हिवर नाहीतर बाभूळ. मे महिन्यात हा माळ उजाड दिसतो, म्हणून आपण त्याला पडीक म्हणतो. मृगाचे दोन पाऊस झाले की तोच माळ हिरवा होतो, कारण गवताची मुळं जमिनीत जिवंतच असतात.

इथले प्राणीही उघड्यावरचेच आहेत. काळवीट लपून जगत नाही, लांबून धोका पाहून पळतो. त्याच्या माळावर दाट झाडोरा उभा केला तर त्याची नजर अडते, पळायची वाट अडते, आणि तो शेजारच्या हरभऱ्यात, तुरीत उतरतो. मग शेतकरी वैतागतो, आणि त्याचं वैतागणं रास्तच असतं. लांडगा, खोकड, चिंकारा यांचंही घर हेच. चंडोल, टिटवी, धाविक हे पक्षी तर घरटं झाडावर बांधतच नाहीत. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालतात. त्यांचा विणीचा मोठा काळ उन्हाळ्यात येतो, आणि लागवडीचे खड्डे आपण नेमके एप्रिल-मेमध्ये जेसीबी लावून खणतो. अंडी कोणाला दिसतही नाहीत. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या ससाणेसुद्धा रात्री गवतातच, जमिनीवर उतरतात.

माळढोकाचं उदाहरण तर शेजारचं आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं. आज देशभरात मिळून हा पक्षी दीडशेच्या आत उरलाय, तोही मुख्यतः राजस्थानात. कारणं अनेक आहेत, शिकार आहे, विजेच्या तारा आहेत, पण गवताळ माळ संपत गेले हे त्यातलं मोठं कारण.

तरी चूक गावाची नाही. सातबाऱ्यावर अशी जमीन पोटखराबा, म्हणजे पिकाला निकामी, सरकारी नकाशात ती पडीक. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीनं देशातली एक तृतीयांश जमीन झाडाखाली आणायचं ठरवलं, आणि मराठवाड्यात वन अगदी कमी, म्हणून उद्दिष्टाचा सगळा भार माळांवर येतो. 2019 च्या 33 कोटी वृक्षलागवडीतही तेच झालं. मग रोप सहज जगावं म्हणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावतात. समतल चर खणून माळ उभा-आडवा चिरतात. आता शेतीपंपांना सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेसाठीही गायरानंच मागितली जातात. सौर वीज हवीच, पण त्यासाठी गवत शिल्लक असलेला माळ पहिला का द्यायचा? आणि एक सांगून ठेवतो: गायरानावर भूमिहीन कुटुंबं कसत असतील, तर पक्ष्यांचं नाव पुढं करून त्यांना उठवू नका. तो हक्काचा प्रश्न वेगळा आहे आणि खूप जुना आहे.

मराठवाड्यात वन्यजीवच नाहीत असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ 2021 मध्ये संभाजीनगरकडच्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात आला आणि 2024 च्या डिसेंबरात दुसरा थेट आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात पोचला. एवढी वाट त्यांनी शेतं, ओढे, माळ तुडवतच काढली. गौताळा, येडशी, किनवट इथं खरं जंगल आहे, तिथं झाडं राखायलाच हवीत. माळाला मात्र गवत राखणं लागतं.

पोरांना काम द्यायचंच तर आधी धनगर बांधवांबरोबर बसा. कोणत्या महिन्यात कुठं चरायचं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. माळाचे तीन-चार भाग पाडून दर पावसाळ्यात एक भाग राखा, गवताचं बी गळून पडल्यावरच कापणी करा, उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून कडेनं पट्टे जाळून ठेवा, तेही वनरक्षकाला कळवून आणि वारा नसताना. लांडग्यानं मेंढरू मारलं तर लगेच वनखात्यात कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. ती मिळाली तर विष घालायची वेळ येत नाही. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायलाच हवी, 2002 चा कायदा आहे. तिच्या नोंदवहीत गायरानाची नोंद पडीक म्हणून नको, गवताळ माळ म्हणून करा, तिथल्या प्राण्यापक्ष्यांच्या नावांसकट.

झाडांची हौस ओढ्याकाठी, शाळेत, रस्त्याकडेला भागवा. ओढ्याला करंज, जांभूळ, उंबर आणि अर्जुन चालतात, बांधावर बोर आणि कडुनिंब. पाच हजार नकोत. पाचशे लावा आणि पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, ते आत्ताच नावानिशी ठरवा.